नैवेद्याचं पाणी

लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा वसुमतीने दाराआडून बापलेकांचं भांडण ऐकलं. कानडी मुलखातल्या मल्लेश्वरमच्या मराठी मंडळींच्या छोट्या गणपती देवळाची पूजा सासऱ्यांकडे. ते गाभाऱ्यात विजेचा दिवा लावायला निघालेले, आणि तिचा नवरा रघुपती आडवा आलेला.

"देवाला बल्ब? उद्या पंखा लावाल!"

"धुराने मूर्ती काळी पडली, रघू. तुला मूर्ती राखायचीय की काजळी?"

रघुपती दोन दिवस देवळाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच शिडीवर चढला आणि तार ओढली.

पुढे सगळे रघुपतीलाच अण्णा म्हणू लागले. कारखान्याची नोकरी सांभाळून तीस वर्षं नैवेद्य त्यांनीच रांधला, ओलं सोवळं नेसून, देवळाच्या विहिरीचं पाणी भरून. माणूस इतका जुन्या वळणाचा, की मिक्सरला घरात यायला पाच वर्षं लागली.

शहाण्णव साली शेजारी चार मजले उठले. त्यांचा संडासाचा खड्डा विहिरीला खेटून. चतुर्थीचं तीर्थ पिऊन सात पोरांना हगवण लागली. मंडळाच्या बैठकीत अण्णा म्हणाले, "विहीर साफ होईपर्यंत नळाचं पाणी घेऊ."

अध्यक्ष अजित पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीला आलेला, त्याला तीन वर्षं झालेली. "सॉरी अण्णा, विहीर ही आपली ट्रॅडिशन. ती सोडली तर इथे मराठी म्हणून उरेल काय?"

"पोरं उरतील. आणि तुम्ही तीर्थ पिता कुठे? हातावर घेऊन डोक्याला पुसता. तुमची पाण्याची बाटली वेगळी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णांचा आवाज चढला, "माझ्या आज्याने खणलीय ती विहीर. तिचा अभिमान मला शिकवू नका. राखायचं म्हणजे डागडुजी करत राहायचं!"

हात वर झाले. अण्णांच्या बाजूने चार, विरुद्ध एकोणीस. विहिरीचंच पाणी ठरलं, आणि अण्णा ते भरणार नाहीत म्हणून सोमवारपासून नैवेद्य दुसऱ्याकडे, देवळाची किल्ली रविवारी द्यायची.

घरी येईपर्यंत वसुमतीच्या तोंडाला खळ नव्हता. जन्मात एक बादली न शेंदलेल्यांना विहिरीचा एवढा उमाळा! "अहो, किल्ली तोंडावर फेकून यायची होती!"

"मग उद्याचा नैवेद्य?"

"करू देत त्यांना! गू कालवून!"

रविवारी उजाडताना अण्णांनी ओलं सोवळं नेसलं, तांब्याची कळशी घेतली आणि कोपऱ्यावरच्या नळाशी अंग चोरून उभे राहिले. फुलं विकणाऱ्या गंगव्वाने आपली घागर बाजूला ओढली, या म्हणाली.

"बन्नी अण्णा."

"सरी," बरं म्हणत अण्णा पुढे झाले.

कळशी भरली, खांद्यावर घेतली. भात झाला, वरण झालं, नैवेद्य दाखवला. आरतीला आलेल्या पोरांच्या हातावर पळीपळीने तीर्थ घातलं, ती प्यायली. वसुमती देवळाच्या दारात धुमसत उभी होती. अण्णांनी भांडी घासली, पालथी घातली आणि किल्ली उद्या येणाऱ्यासाठी देवळाच्या दाराशी खिळ्याला अडकवली.