शुक्रवारचं मशीन

रेखाताईंनी माझाच रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट दाबून धरलं. ‘आई सहकार्य करत नाही.’

“मॅडम, ही आई म्हंजे मीच ना?”

मी विशेष शिक्षिका. ज्या मुलांना ऐकण्या-बोलण्याची, शिकण्याची अडचण आहे, त्यांना नेहमीच्या शाळेत बसवायचं आणि टिकवायचं, हे माझं काम. त्या वर्षी माझी कल्याणहून भिवंडीला बदली झाली होती. रेखाताईंची प्रज्ञा सहा वर्षांची. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, म्हणून कानामागे मशीन, म्हणजे हिअरिंग एड. रेखाताई पहिलीच्या प्रवेशाला गेल्या तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका (पहिलीचा वर्गही त्यांच्याकडेच), म्हणाल्या, हिला बाहेरगावच्या निवासी शाळेत घाला. शाळेला असा प्रवेश नाकारता येत नाही, कायदा आहे. पण बाईंच्या हातात माझा रिपोर्ट होता आणि त्यात मीही तेच सुचवलं होतं. पोर आईपासून दूर हॉस्टेलवर जाणार होती, आणि कागदावर सही माझी.

माझं कारण सरळ होतं. मशीन दिवसभर कानात राहिलं, तरच मूल आवाज ओळखायला शिकतं. म्हणून आम्ही पालकांना एक तक्ता देतो. ज्या दिवशी मशीन पूर्ण वेळ घातलं, त्या दिवशी टिक करायची. रेखाताईंच्या तक्त्यात टिक फक्त शुक्रवारी, बाकी आठवडा कोरा. फोनवर विचारलं तर म्हणायच्या, शुक्रवारी घालते हो, बाकीचे दिवस काढून फेकते. मी चिडून म्हटलं होतं, हा काय शुक्रवारचा उपास आहे का?

आता त्यांनी एवढंच विचारलं, “तुमी आमच्या घरी कधी आलात?”

गेलेच नव्हते. फॉर्ममध्ये गृहभेटीचा रकाना आहे, त्यात मी फोन केल्याची तारीख ठोकून दिली होती. दुसऱ्याच दिवशी मुकाट्यानं गेले.

कामतघरला त्यांची खोली पॉवरलूमच्या शेडला चिकटून, मधली भिंत एकच. दारात बोलायला तोंड उघडलं, तर माझाच आवाज मला ऐकू येईना. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरच्या नळीसारखी एक नळी आमच्याकडे असते. ती मशीनला जोडली की मूल काय ऐकतं ते आपल्याला ऐकू येतं. मी ती कानाला लावली. दहा सेकंदांत ओढून काढली. मशीन सगळेच आवाज मोठे करतं, लूमचा खडखडाटसुद्धा. ह्या पोरीला मी हे दिवसभर घालायला लावत होते! इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

मग शेडमध्ये गेलो. प्रज्ञाचे बाबा तिथे लूम चालवतात, रेखाताई कांड्यांवर सूत भरतात. त्या आवाजात कुणी ओरडत बसत नाही. सगळे हातांनी आणि ओठांनी बोलतात. सुताची तार तुटली, चहा आला, शेठ आला, सगळं. प्रज्ञा त्यांच्यात मुकादमासारखी फिरत होती. माझ्याकडे बघून तिनं बापाला काहीतरी खुणावलं. पलीकडच्या लूमवरचा भैया हसला, मग अख्खी लाईन हसली. कळलं नाही ते फक्त मला.

बाहेर आल्यावर विचारलं, तर रेखाताई ओशाळल्या. “ती म्हणते, ह्या बाईंना कायच समजत न्हाय, ह्यांना पण मशीन द्या.”

मी रिपोर्ट नव्यानं लिहिला: ओठ आणि हात बघून हिला सगळं समजतं, ही नेहमीच्या शाळेतच शिकेल. मशीनवाल्यांकडून गोंगाटासाठी वेगळं सेटिंग करून घेतलं आणि रेखाताईंना घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, घरी चालतं हो, वर्गात चाळीस पोरं आहेत. मी कायद्याचा कागद काढणार, तेवढ्यात रेखाताई पुढे झाल्या.

“बाई, फळ्याकडं तोंड करून बोलू नका, तिच्याकडं बघून बोला. बाकी तिला समजतं. दिवाळीपर्यंत न्हाय जमलं, तर मी सोता येऊन तिला घेऊन जाईन.”

कायद्यानं हक्काचा प्रवेश त्यांनी आपणहून पणाला लावला होता. पण बाईंनी प्रवेशाचा फॉर्म भरायला घेतला.

दिवाळीच्या आधी बाईंचा फोन आला, ताबडतोब या. संपलं, म्हटलं. धावतपळत पोचले. प्रज्ञा पहिल्या बाकावर मान घालून अक्षरं गिरवत होती.

“हिचं छान चाललंय,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांचं काय करू ते सांगा. सगळी पोरं हातानं बोलायला शिकलीत. वर्ग एकदम शांत आणि गप्पा जोरात. ओरडायचं तरी कुणावर?”

मी त्यांना रेखाताईंचा नंबर दिला. त्या शनिवारी मोठ्या बाई पर्स सांभाळत शेडमध्ये शिकायला हजर. प्रज्ञा आता दुसरीत आहे.

मुलाला काय येत नाही, हे लिहायला आमच्याकडे चार पानी फॉर्म आहे. काय येतं, त्याला एक ओळ. मी हल्ली पान उलटून मागे लिहिते.