देव्हाऱ्याशेजारचा राऊटर

आमच्या घरी इंटरनेट आलं तेव्हा केबलवाल्याने राऊटर दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवला. का, तर वायर तिथवरच पोचत होती. मी म्हटलं, अहो, मी काम करणार आतल्या खोलीत, हा इथे दारात बसून काय चपला राखणार? त्यावर तो म्हणाला की मॅडम, रेंज सगळीकडे फिरते, टेन्शन नका घेऊ. पन्नाशीचा माणूस, इतक्या खात्रीने बोलला की मी पैसे देऊन टाकले. तो लिफ्टमध्ये शिरला आणि रेंज फिरायची थांबली.

तसं आमचं घर फिरण्याएवढं आहेच कुठे! लालबागला आमची चाळ होती, ती पाडून टॉवर उभा राहिला. समुद्र दिसणारी बाजू विकायला, गोडाऊनचे पत्रे दिसणारी बाजू आम्हा जुन्या भाडेकरूंना. जुन्या खोलीच्या मधोमध भिंत घातली आणि तिला वन बीएचके म्हटलं की आम्ही खूश. बाकी सगळीकडे बिल्डरने हात आखडता घेतलाय, पण त्या मधल्या भिंतीत कोण जाणे किती लोखंड ओतलंय. खिळा ठोकायचा तरी माणूस बोलवावा लागतो.

या घरात मी आणि माझे वडील, दोघंच. आई गेली, भाऊ डोंबिवलीला, माझं लग्नबिग्न काही झालं नाही आणि त्याची चौकशी आता नातेवाईकांनीही सोडली आहे. वडील गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी मेडिक्लेमची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीत काम करते, ऑफिस ऐरोलीला. सकाळी सातला निघायचं, रात्री आठला परत. तेवढा वेळ या माणसाला एकटं कसं ठेवायचं? एक बाई ठेवून पाहिली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी तिलाच चहा करून पाजला आणि म्हणाले, जा बाय, तुझी पोरं वाट बघत असतील.

मग मी मॅनेजरकडे घरून काम मागितलं. मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, केस मोकळे सोडून बोलणारी, प्रत्येक वाक्यानंतर 'राइट?' विचारणारी. तिने परवानगी दिली, पण अटीवर. रोज दुपारी तीनला मीटिंग, कॅमेरा चालू, आणि नेट पडता कामा नये. कंपनीचं सॉफ्टवेअर मोबाइलच्या नेटवर चालत नाही, त्यामुळे पळवाट नाही. नेट पडत राहिलं तर ऐरोली. राइट?

वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही. 'तुमच्यासाठी' हा शब्द त्यांना मुळी खपतच नाही. डॉक्टरने काठी दिली तर म्हणाले, पोरीला बरं वाटावं म्हणून धरतो. तेव्हा मी एवढंच म्हटलं की कंपनीने सांगितलंय, सध्या घरीच थांबा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि 'बरं' म्हणाले. मला वाटलं, सुटले.

आणि पहिल्याच आठवड्यात, भर मीटिंगमध्ये, नेट गेलं.

भावाला फोन केला. भाऊ म्हणजे आमच्या घराण्यातला उंटावरचा शहाणा. आईच्या आजारपणात औषधं त्याने फोनवरून सुचवली, टॉवरचा करार त्याने फोनवरून वाचला, आता राऊटरची जागाही फोनवरून. म्हणाला, राऊटर नेहमी उंच आणि घराच्या मध्यावर हवा, एवढी साधी गोष्ट तुला कशी कळत नाही? म्हटलं, ये आणि लाव. तर त्याला डोंबिवलीत रविवार नसतो.

उंच म्हणून आधी तो लोखंडी कपाटावर चढवला. दिवे सगळे हिरवे, पण लॅपटॉपवर मॅनेजरचा चेहरा अर्धा आला की उरलेला येईना. नंतर कळलं, लोखंड रेंज अडवतं. मग फ्रिजवर. तिथे भाजीवाल्याकडची पिशवी ठेवायला जागा उरली नाही म्हणून मीच हलवला. मग टीव्हीच्या मागे, मग खिडकीत. खिडकीतली रेंज मात्र फर्स्टक्लास होती, पण ती बाजूच्या विंगला. तिथली एक काकू मला गेटवर सांगायची की आजकाल तुमचं नेट आमच्या मोरीपर्यंत येतं हो, पासवर्ड काय ठेवलाय?

यात वडिलांचा हातभार वेगळा. मिलमध्ये फिटर होते, त्यामुळे मशीन म्हटलं की अधिकार त्यांचा. मी राऊटर जिथे नेऊन ठेवीन तिथे ते मागून येणार, उलट्या हाताने तो चापपणार आणि 'तापतंय' म्हणणार. त्यांनी त्याच्याखाली लाकडी पट्ट्या ठोकून पाट केला, हवा खेळावी म्हणून. वरून धूळ बसू नये म्हणून आईने विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. खालून हवा, वरून गोधडी! मी रुमाल काढायची, ते घालायचे. यावर आमचं भांडण झालं नाही, कारण आमच्याकडे भांडण होत नाही, नुसते रुमाल हलतात.

नेट मात्र जातच राहिलं. आणि जायची वेळ कधी? तीनला. कधी तीनला पाच कमी, कधी तीन वाजून पाच. बाकी दिवसभर माझे क्लेम सुरळीत. मी ताडकन मोबाइल उचलून मॅनेजरची माफी मागायची, तिचं 'राइट, राइट' ऐकायची, आणि बाहेर येऊन बघेपर्यंत राऊटरचे दिवे लुकलुकत परत जागे होत असायचे. वडील कॉटवर आडवे. विचारलं तर म्हणायचे, मगाशी तर चालू होतं.

केबलवाल्याला बोलावलं. त्याने वायर उपटली, फुंकर मारली, परत खोचली आणि म्हणाला की तीनला शाळा सुटतात, पोरं नेटवर बसतात, लोड येतो. वर म्हणाला, मॅडम, जागा चुकतेय तुमची. मी त्याला आठवण करून दिली की पहिली जागा त्याची होती. तो हसला आणि नव्या प्लॅनचा कागद देऊन गेला. म्हणतात ना, रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं मी त्या राऊटरला घरभर टोचत फिरत होते.

शेवटी घराचा मध्य मी टेपने मोजला. मध्य निघाला देव्हाऱ्यावर. बरोबर होतं, चाळीतसुद्धा देव मध्यावरच असायचे, खोलीत कुठूनही हात जोडता यावेत म्हणून. आमच्या देवांनी ती जागा कुठलंही यंत्र न लावता शोधली होती. जागा उंच, समोर लोखंडी भिंतीऐवजी आतल्या खोलीचं लाकडी दार, शेजारी समईच्या बल्बसाठी प्लगसुद्धा. पण तिथे राऊटर ठेवायचा हे वडिलांना कोण सांगणार? मी दोन दिवस शब्द जुळवत होते. विचारलं तर म्हणाले, ठेव की, देवाला काय अडचण? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली तेव्हा गणपती, कुलदेवी आणि राऊटर, तिघांना हळदकुंकू लागलेलं होतं. राऊटरचं नेमकं जाळीवर. मी कापूस घेऊन अर्धा तास ते कोरून काढलं.

पण रेंज! आतल्या खोलीत दांडे पूर्ण. मॅनेजरच्या मागच्या शेल्फवरच्या रोपट्याची पानं मोजता येत होती. आणि तीन वाजता, रोपट्यासकट मॅनेजर गायब. त्या दिवशी फोनवर तिने आवाज गोड केला, तिथेच मी ओळखलं. म्हणाली, आपण सगळ्यांनी खूप समजून घेतलं, या आठवड्यात आणखी एकदा झालं तर सोमवारपासून ऑफिस. मी 'हो' म्हटलं. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला खरंच रडू आलं. त्या बाथरूमच्या लादीवर हा माणूस सकाळी अकराला पडला आणि मला रात्री आठला कळलं, तर? दुसरं काही सुचतच नव्हतं.

शुक्रवारी मी खोलीचं दार उघडं ठेवून मीटिंगला बसले. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. माझी पाळी आली, मी बोलायला लागले, आणि पडदा गोठला. मी मोबाइलला हात न लावता तशीच बाहेर धावले.

वडील स्टुलावर उभे होते. खुब्यात स्टीलचा गोळा, एक हात देव्हाऱ्याच्या महिरपीला, दुसरा प्लगच्या बटणावर. काठी खाली कॉटला टेकवलेली.

मी आधी त्यांना धरून खाली उतरवलं, मग ओरडले. इतकी वर्षं साठवलेलं ओरडले असणार, कारण समोरच्या दारातली साखळी वाजली. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. मशीन सकाळपासून चालतंय, तापलंय, हात लावून बघ. तीनला पहिली पाळी सुटते. त्यांच्या खात्यात पाळी सुटली की मशीन दोन मिनिटं थांबवून पुसायचे, मग दुसऱ्या पाळीच्या हवाली करायचे. न थांबवता पुढे रेटलेलं मशीन टिकत नाही. हे त्यांनी मला समजावलं, जणू मी नवीन लागलेली हेल्पर. खरंखोटं त्या मिलच्या भिंती जाणोत, आणि त्या भिंतींच्या जागी आता मॉल आहे.

महिनाभर मी राऊटर घेऊन घरभर नाचत होते आणि हा माणूस रोज माझ्यामागे येऊन त्याची पाळी बदलत होता. हसावं की कपाळ बडवून घ्यावं? मला दोन्ही जमलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं ते मी इतके दिवस गिळलेलं होतं.

"बाबा, तुम्ही पडलात म्हणून मी घरी बसलेय. तुमच्यासाठी. आता सोमवारपासून मला जावं लागेल, कळतंय का?"

ते कॉटवर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत.

"असू दे गो," म्हणाले. "मिल बंद पडली तेव्हा मीपण सगळ्यांना असंच सांगायचो. तुझ्या आईला बरं नाही, तिच्यासाठी घरी आहे."

मला कळायला वेळ लागला. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझी लाज राखत होते. मी म्हटलं, अहो, मला काढलेलं नाही, मी काम करते आत, कॉम्प्युटरवर. त्यांनी मान हलवली, समजूतदारपणे, अगदी जिव्हारी लागेल इतक्या समजूतदारपणे.

"माका ठावक आसा. सुरुवातीला तर मी डबा घेऊन बाहेर पडायचो, काळाचौकीच्या बागेत बसून खायचो. तू दार लावून एकटीच बोलतेस. मी कधी विचारलं?"

पुढचं हळूहळू बाहेर आलं. कंपनीने घरीच थांबा सांगितलंय, असं मी म्हटलं त्याच दिवशी त्यांनी ओळखलं होतं. आमच्या घरात ते वाक्य याआधी मिल बंद पडली तेव्हा आलं होतं, त्याचा अर्थ एकच. त्यांचा खुबा म्हणे मी घरी बसले त्या सुमारालाच बरा झाला होता. तळमजल्यावर वॉचमनच्या बाकावर त्यांच्या जुन्या मंडळींचा अड्डा जमतो, तिथे ते महिनोन्‌महिने गेले नव्हते. मी समजत होते, पडण्याची धास्ती. ते म्हणाले, पोरगी नोकरी गेलेली, दिवसभर खोलीत एकटी, तिला टाकून मी खाली पत्ते कुटत बसू? मी त्यांना राखत होते आणि ते मला. शहाणे आम्ही दोघंही, भाऊ उगाच बदनाम.

मी पगाराचा मेसेज दाखवला असता. मॅनेजरला फोन लावून दिला असता. पण त्यांनी डोळे मिटले होते आणि मला पहिल्यांदाच दिसलं की वर्षभर घरात बसून हा माणूस किती पांढरा पडलाय.

सोमवारी सहाला उठून मी साडी नेसले, गळ्यात आयकार्ड घातलं. वडील चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून आले आणि दारातच थांबले. कार्डावरचा माझा फोटो त्यांनी जवळ येऊन बघितला.

"घेतलं परत?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. ते अजून कार्डावरचं कंपनीचं नाव वाचत होते.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला, शर्ट बदलला आणि माझ्याबरोबर लिफ्टने खाली आले. बाकावर त्यांच्यासाठी कोणीतरी सरकून जागा केली. मी गेटपर्यंत पोचेस्तोवर मागून त्यांचा आवाज येत होता, गेल्या वर्षभरात ऐकला नव्हता इतका मोठा. आमची परत कामाला लागली, असं ते एकेकाला सांगत होते.