आमच्या पहिल्याच कार्यक्रमात अण्णा झोपले

मंडळी, आज अंबाजोगाईत आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. आम्ही जुनी लोकगीतं गिटार आणि ढोलकीवर गातो, अगदी निवांत चालीत.

परळीहून माझे वडील, अण्णा, आलते. थर्मलमधून, म्हणजे तिथल्या वीज केंद्रातून, रिटायर झाल्यापासून त्यांना धड झोपच लागत नाही. आज पहिल्या रांगेत बसले आणि दुसऱ्याच गाण्याला चक्क घोरायला लागले!

मागून कुणीतरी ओरडलं, "फास्ट वाजवा बे, म्हातारं झोपलं!" सगळा हॉल हसला. मला तर रडूच यायला लागलं.

ढोलकीवर आमच्या शेजारचा सलीम होता. माझ्याकडं झुकून म्हणाला, "थांबू नको. लई दिवसांनी झोपलेत अण्णा, झोपू दे." आणि त्यानं ठेका अजून हळू केला. मीही आवाज खाली घेतला. मग हसणारे गप झाले आणि कान देऊन ऐकायला लागले.

शेवटी टाळ्यांनी अण्णा दचकून जागे झाले. म्हणाले, "थांबलात कावून? किती गोड झोप लागलती!"

एवढी दाद आम्हाला पुरेशी आहे. तुम्हाला घरच्यांकडून मिळालेली सगळ्यात भारी दाद कोणती, सांगा बरं?