शिवेवर राहिलेला गाडा

मानमोडीच्या साथीचं ते साल. ताप भरायचा, मान आणि कंबर मोडून निघायची आणि चार-पाच दिवसांत धडधाकट माणसाला खांद्यावरून न्यावं लागायचं. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, पाचव्या दिवशी गेले. त्या दिवसापासून मी देवीशी नीट बोलणं सोडलं, हे आधीच कबूल करते. भांडण मात्र चालू होतं. वांग्याच्या वाफ्यात खुरपं चालवताना मी तिला नाही नाही ते बोलायचे, आणि दिवेलागणीला हात जोडायचे, कारण हातांना सवय होती.

आमचा मळा गावाच्या अगदी टोकाला, अमरावतीकडे जाणाऱ्या गाडवाटेला लागून. वांगी, मेथी, मिरची, कडेनं झेंडू. एरवी आठवडी बाजाराच्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसायची. साथीत बाजार बंद झाला. शेजारच्या वावरांत कापूस फुटून लोंबत होता, वेचायला बाई मिळत नव्हती. आमच्या घरी मरण झालेलं, म्हणून गावातलं कोणी आमच्याकडे फिरकत नव्हतं. त्याबद्दल आता मी कोणाला दोष देत नाही. तेव्हा देत होते, आणि चांगला मोठ्यानं देत होते, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून. घरात मी आणि सहा वर्षांची लेक गंगू. एकटेपणा काय असतो ते मला त्या महिन्यात कळलं. दिवसभरात दुसऱ्या मोठ्या माणसाचा शब्द कानावर पडला नाही की आपलाच आवाज परका वाटायला लागतो. आणि मग गंगूलाही ताप भरला.

तिच्या तापाचा चौथा दिवस. मी चार दिवस पाठ टेकली नव्हती. डोळा लागला आणि तेवढ्यात पोरीचा श्वास थांबला तर, या एका भीतीनं बसून होते. सकाळी डफड्याचा आवाज आला. आमच्याकडे साथ आली की मरीमायला निरोप देतात. लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, नारळ ठेवायचा, आणि वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेपलीकडे ढकलायचा. अशी देवी गावोगाव करत लांब जाते आणि रोगही तिच्यामागे जातो, असा समज. लहानपणी मीही त्या गाड्यामागे नाचत गेले आहे. तो शेवटी कोणाच्या दारात जातो, हे कधी मनात आलं नव्हतं.

गावकऱ्यांनी गाडा आमच्या कुंपणापाशी सोडला आणि मागं न बघता निघून गेले. आता गंमत अशी की शिवेचा दगड तिथं नाहीच. तो आमच्या मळ्याच्या पलीकडच्या टोकाला, विहिरीच्याही पुढं आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. पण महिनाभर आमच्याकडे कोणी आलं नव्हतं, तेव्हा आमचं घर सगळ्यांना गावाबाहेरचंच वाटायला लागलं असावं. थोड्या वेळानं पलीकडच्या गावचे दोघे काठ्या घेऊन दगडापाशी आले, "इकडं ढकलाल तं पाहा!" असं ओरडले आणि तेही गेले. मी दारात उभी राहून रडले. एवढ्या मोठ्या शिवारात हिला टाकायला माझंच दार सापडलं?

गाड्याला एक काळी कोंबडी पाय बांधून ठेवली होती. ऊन चढलं तशी ती चोच उघडून धापा टाकायला लागली. त्या गाड्याला हात लावायचा नसतो, पण कोंबडीचे ते हाल मला बघवेनात. मी तांब्याभर पाणी घेऊन गेले, तिचे पाय सोडले, तिला पाणी पाजलं. मग मान वर केली तर समोर देवी. उन्हात, एकटी, नव्या लुगड्यात. अलीकडच्या गावाला नको, पलीकडच्या गावाला नको. माझ्या तोंडून शिवी निघायची ती निघाली नाही. मी म्हटलं, "तुले बी कोणी घरात घेत नाही का वं माय?" आणि दोन्ही हातांनी गाडा ओढत घरात आणला. गंगूच्या उशाशी ठेवला. तिला म्हटलं, आता तू जा म्हणणार नाही. पोरगी न्यायची असेल तर माझ्या डोळ्यांसमोर ने, ठेवायची असेल तर ठेव. मी थकले.

त्याच दुपारी दारात एक म्हातारी उभी राहिली. पलीकडच्या गावची. तिचा मुलगा आणि सून एकाच आठवड्यात गेले होते. देवीची ओटी भरायला ती शिवेपर्यंत आली होती, तर तिथं गाडा नाही. अलीकडं येऊन कुंपणापासूनच्या चाकांच्या खुणा बघत आमच्या दारापर्यंत पोहोचली.

"घरात घेतली तिले?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. वाटलं, आता ही बोंब मारणार. ती आत आली, देवीच्या पायांवर डोकं ठेवलं, मग गंगूच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"किती दिवसाची जागी हायेस?"

"चार."

"नीज आता. मी बसते हिच्यापाशी. पानी पाजीन, पेज पाजीन. काही झालं तं हाक मारीन."

कोण, कुठली, नावही मला माहीत नव्हतं. तरी मी जमिनीवर आडवी झाले आणि झोपले. पोरगी त्या अनोळखी बाईच्या हवाली करून झोपले. उठले तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. म्हातारी तिथंच बसून होती. गंगूच्या अंगाला घाम सुटला होता आणि ती वांग्याचं भरीत मागत होती.

ते देवीनं केलं की पेजेनं, हे मला विचारू नका. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी कोणी आलं नसतं तर मी पोरीआधी गेले असते.

म्हातारी अकरा दिवस राहिली. वांगी झाडावर सडताना बघून तिनं मला चांगलंच झापलं. मग आम्ही रोज एक टोपली शिवेच्या दगडापाशी ठेवू लागलो. दोन्ही गावची माणसं एकेकटी येऊन भाजी न्यायची आणि जाताना कोणी पसाभर ज्वारी, कोणी दिव्याचं तेल ठेवून जायची. लांबूनच हात वर करायची. त्या हातांची मी सकाळपासून वाट बघायचे. मग एके दिवशी म्हातारी आपल्या गावी गेली. पुढं तिच्या गावात खूप विचारपूस केली, पण ती घर सोडून कुठं गेली ते कोणाला ठाऊक नव्हतं, पुन्हा भेट झाली नाही. तिची आठवण आली की अजून घर रिकामं वाटतं.

साथ ओसरल्यावर पाटील आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, गाडा पुढं गेला अन् गाव वाचलं. मरीमाय लय दूर गेली."

मी काही बोलणार, तोच गंगू म्हणाली, "कुठीच नाही गेली, आबाजी. आमच्या घरात हाय."

पाटलांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे इतके दिवस गावातच होती?"

"हो."

"अन् तुई पोरगी?"

"तिच्याच पायांशी निजत होती."

 मग त्यांनी वहाणा काढल्या, वाकून आत आले, आणि ज्या घरात साथभर गावातल्या कोणी पाऊल ठेवलं नव्हतं त्या घरात जमिनीवर डोकं टेकलं. उठताना त्यांचे डोळे भरले होते. ते देवीला नाही, मला म्हणाले, "चुकलं आमचं."

तेव्हापासून अमुक टाळ, असं मी देवाकडे मागत नाही. जे दारात येतं त्याला आधी पाणी देते. माझी गंगू आज दोन लेकरांची आई आहे, आणि मी अजून रोज सकाळी देवीला एकच म्हणते: आलीस तर बस.