जयपुरात शेजार शोधताना

वाशीमच्या स्टेशनवर जयपूरच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत ज्वारीचं पीठ होतं, जवसाची चटणी होती आणि डोक्यावर बहिणीच्या घराची जबाबदारी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवी मराठी साहित्याची. पण तेव्हापासून बोअर कुठे घ्यायचा, म्हैस कोणती आणायची, सोयरीक जुळवायची की मोडायची, सगळ्यात माझं मत विचारतात. विचारतात आणि मग आपल्या मनासारखं करतात. तरी विचारतात, याचं मला अजून अप्रूप आहे. धाकटी बहीण वंदना दहावीनंतर शिकली नाही, कारण दोघांना शिकवण्याची आईवडिलांची ऐपत नव्हती. त्यामुळे तिचा फोन आला की मी रजेचा अर्ज आधी लिहितो आणि कारण नंतर विचारतो.

या वेळचं कारण मोठं होतं. दाजी, म्हणजे वंदनाचे यजमान, लष्करात सुभेदार. उन्हाळ्याअखेर निवृत्त होणार, म्हणजे छावणीतलं क्वार्टर सोडावं लागणार. पुढची नोकरी त्यांना गुजरातेत एका कारखान्यावर मिळाली होती. भाची ऋतुजा नववीत, तिची शाळा जयपुरात. तेव्हा घर जयपुरातच घ्यायचं आणि त्यात राहायचं मायलेकींनी, दोघींनीच. म्हणून घरापेक्षा शेजाराची काळजी जास्त होती. ती मिटवायला मला बोलावलं होतं. मी तर जन्मात स्वतःचाही शेजारी निवडलेला नाही.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर जमिनीचा रंग बदलला होता. रेताड माती, मधूनमधून खेजडी (आपली शमी) आणि कुंपणावर बसलेला मोर. आमच्याकडे मोर दिसला तर माणूस गावभर सांगत सुटतो. इथे त्याला कावळ्याचा मान. स्टेशनवर दाजी इस्त्रीच्या शर्टात उभे होते. त्यांनी आधी प्याज की कचौरी (कांद्याचं सारण भरलेली, तेलात मनसोक्त पोहलेली पुरी) खाऊ घातली आणि मग कार्यक्रम सांगितला.

"पाहुणे, रविवारी नऊला जगतपुरा. दलालाला कळवून ठेवलंय."

जगतपुरा म्हणजे शहराच्या आग्नेयेला वाढत चाललेला भाग. इंजिनिअरिंगची कॉलेजं, उंच इमारती, रिक्षा आणि स्कूटरवर तिघं-तिघं विद्यार्थी. सोसायट्यांची नावं युरोपातली. एक इटलीतली, पलीकडची स्पेनमधली, आणि पत्ता विचारला तर 'टँकरवाल्या चौकाजवळ'. फाटकावरच्या रखवालदाराने आमचे फोटो काढले, नंबर घेतले, माझ्या झोळीत डोकावून पाहिलं. परदेशात जाताना असंच करतात म्हणे. मी त्या मानाने थोडक्यात इटलीला पोचलो.

दलालाचं नाव मुकेशजी. आत कारंजं उडत होतं. रस्त्याच्या कडेचे दगड एक पांढरा, एक लाल असे रंगवलेले. दाजींचा चेहरा खुलला.

"शिस्त आहे," ते म्हणाले. "बघा ना, दगडसुद्धा ओळीत."

"सब अच्छी फैमिली हैं, सर," मुकेशजी म्हणाले. "जेंट्री है."

"जेंट्री मतलब?" मी विचारलं.

त्यांनी आवाज उतरवला. "मतलब, हर कोई नहीं आता यहाँ."

माझं अर्धंअधिक शिक्षण 'हर कोई'साठी असलेल्या शिष्यवृत्तीवर झालेलं. मी कारंज्याकडे बघत राहिलो.

वंदनाने फ्लॅट भराभर पाहिला आणि बाहेर येऊन सरळ समोरच्या दाराची घंटी वाजवली. मुकेशजी दचकले. दाराशेजारच्या डबीतून बाईचा आवाज आला, "जी, किससे काम है?"

"काम नहीं है. हम शायद सामने आएँगे. सोचा मिल लें."

डबी खरखरली. मग म्हणाली, "ग्रुप में मैसेज डाल दीजिए ना."

खाली उतरल्यावर वंदना रस्त्याकडेला वाकली, दगडावर बोट फिरवलं आणि ते दाजींपुढे धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"ओला चुना आहे, अहो."

"मग?"

"मग काय? जनरलसाहेब येणार म्हणून तुम्ही किती दगड रंगवले असतील आयुष्यात? आणि आज स्वतःसाठी रंगवलेला ओळखू येईना."

दाजींनी बोटाकडे पाहिलं, कारंज्याकडे पाहिलं, आणि पाहणी झालेल्या माणसासारखे ताठ उभे राहिले. मुकेशजी फोनवर बोलू लागले. मला वाटतं पलीकडे कुणी नव्हतं.

मंगळवारी आम्ही न कळवता गेलो. कारंजं कोरडं होतं आणि त्याच्या कुंडात मांजर झोपलं होतं. लिफ्ट बंद. टँकरच्या पाइपाभोवती जेंट्री बादल्या घेऊन उभी होती, आणि ती चारचौघांसारखीच भांडत होती. वंदनाला ती भांडणं ऐकून थोडं बरं वाटलं असावं. पण तेवढ्यासाठी कर्ज काढण्याची तिची तयारी नव्हती.

"आज विज़िट नहीं थी ना, साब," रखवालदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "परसों थी."

मग प्रताप नगर. गृहनिर्माण मंडळाने बांधलेली जुनी बैठी घरं, गल्लीच्या तोंडाशी किराणा, शिलाईचं दुकान आणि जिकडेतिकडे शिकवणीवर्गांच्या पाट्या. पहिल्या घराचे मालक मोठे गोड गृहस्थ. "आओ सा, बिराजो" (या, बसा) म्हणत त्यांनी चहा मागवला. घर हवेशीर, अंगणात लिंबाचं झाड. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "और खाना-पीना?"

"शुद्ध शाकाहारी," दाजी एका श्वासात म्हणाले. हुकूम मिळाल्यासारखे.

या शहरात लाल मांस (मिरचीत शिजवलेलं मटण) हॉटेलांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत असतं. पाहुण्यांनी ते कौतुकाने खावं आणि आपापल्या गावी जावं, अशी व्यवस्था दिसते. घर घ्यायला आलेल्याने मात्र गवतच खाल्लेलं बरं.

वंदनाने कप खाली ठेवला. "भाईसाहब, रविवार को हमारे यहाँ मटन बनता है. इन्होंने डर के मारे झूठ बोला."

मालकांचा गोडवा जराही कमी झाला नाही. "कोई बात नहीं, बहनजी. हमें तो कुछ नहीं. पर पड़ोसियों को मुँह दिखाना है ना. घर में पूछके बताते हैं."

बाहेर रस्त्यात नवराबायकोचं जुंपलं.

"एक शब्द खोटं बोललो तर काय बिघडलं? घर हातचं गेलं."

"तुम्ही शब्द बोलून गुजरातला जाणार. कुकरची शिट्टी उशीखाली दाबून मी बसायचं?"

"लोक करतात तसं."

"इतकी वर्षं क्वार्टरमध्ये पंजाबी, तमिळ, नागा, सगळ्यांच्या वासात राहिले. कुणी नाकाला पदर लावला नाही. आता स्वतःच्या घरात चोरून जेवू?"

ऋतुजा मध्येच म्हणाली, "पापा, मतलब, मग माझ्या फ्रेंड्सना घरी नाही बोलवू शकणार ना मी? कोणी फ्रिज उघडला तर?"

दाजी पुढे चालू लागले. मी मत देण्यासाठी तोंड उघडलं, पण कोणी विचारलं नव्हतं.

त्याच वसाहतीत चार गल्ल्या सोडून आणखी एक घर होतं. कुलूप लावलेलं, किल्ली शेजारी विमलाजींकडे. त्या अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घालत होत्या. किल्ली देण्याआधी त्यांनी आमची परीक्षा घेतली.

"आप लोग कौन हो सा?"

"फौजी," दाजी म्हणाले.

"वो तो कपड़ों से दिख रहा है. पर कौन?"

वंदनाने जात सांगितली. रविवारचं मटण सांगितलं. नवरा परगावी राहणार, हेही सांगितलं. दाजी मिरच्यांकडे बघत उभे राहिले.

विमलाजी विचार करून म्हणाल्या, "बनाओ तो पीछे की खिड़की खोलना, आगे की नहीं. मेरी सास भजन करती है."

"माइक पे?"

"हाँ, माइक पे."

"सुबह-सुबह?"

"भजन क्या दोपहर को करेगी?"

"मेरी लड़की की परीक्षा रहती है, दीदी. आप आवाज़ कम करो, मैं खिड़की बंद रखूँगी."

"सास से आप ही कह देना," विमलाजी म्हणाल्या. "मेरी तो सुनती नहीं. लड़ाकू हो आप."

मग त्यांनी चहा आणला. त्यांचा स्वतःचा कपात, आमचा स्टीलच्या पेल्यात. मी ते पाहिलं. वंदनानेही पाहिलं. चहा गरम होता, पेला हातात धरवत नव्हता. आम्ही धरला.

बाहेर आल्यावर वंदना म्हणाली, "हेच घर."

"अगं, किल्ली अजून तुझ्या हातात आहे," दाजी म्हणाले. "दार तरी उघड."

"उघडू की. दादा, तुझं काय मत?"

"पेले पाहिलेस ना?" मी मराठीत, हळू म्हणालो.

"पाहिले. पण ही बाई जे आहे ते तोंडावर बोलते. अपरात्री मी हिचं दार ठोठावलं तर आधी चार शब्द ऐकवेल आणि मग दार उघडेल. त्या डबीत मी काय ठोठावू? त्या गोड माणसाशी भांडायला जावं तर तो चहाच पाजेल. पेल्याचं मी बघते."

घर आतून पाहिलं. मागच्या भिंतीला ओल होती, ती मी दाखवली. "ओल काढता येते," वंदना म्हणाली, आणि माझं मत विचारात घेण्याचं काम संपलं. दाजी व्यवहाराच्या कागदांना लागले. मी परतीच्या गाडीसाठी मिर्ची वडे बांधून घेतले आणि त्यातला एक खाऊन रतलामपर्यंत पाणी पीत राहिलो.

परतल्यावर, मी शिकवतो त्या कॉलेजात, पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये चौकशी झाली. "मग सर, बहिणीला एरिया कसा मिळाला?"

"चांगला आहे."

"आजूबाजूला लोक कोण?"

"चांगले आहेत."

"ते हो. पण कोण?"

प्रश्न विचारणारे गृहस्थ समाजशास्त्र शिकवतात. मी म्हटलं, "जयपुरातल्या बाईने हेच विचारलं, सर. फक्त तिने प्रश्न 'एरिया'पासून सुरू केला नाही." ते हसले आणि पुन्हा पेपर वाचू लागले. शेजार पाहायला मी एवढ्या लांब गेलो होतो. तो पाहायची पद्धत मला इथल्या इथे शिकता आली असती.

पावसाळ्याच्या तोंडाशी मायलेकी नव्या घरात राहायला गेल्या. दाजी गुजरातेत रुजू झाले. परवा वंदनाचा फोन आला. मी जरा काळजीनेच विचारलं, "सगळं ठीक? भांडणबिंडण नाही ना?"

"दोन झाली."

"अरे देवा. कशावरून?"

"एक चहाच्या कपावरून, एक माइकवरून."

"मग?"

"कपाचं मी जिंकले," ती म्हणाली. "माइकचं चालू आहे."