राजाचं सावकाश उठणं

खळ्यावर धानाची चुरणी चालू होती. गोंडपिपरीकडून आलेल्या गाडीवानाने सांगितलं, "सदाशिवभाऊ गेले जी. तापानं." ज्यांच्या छातीला आम्ही डोळ्यांत तेल घालून जपलं, ते भाऊ तापाने जावेत... मला रागच आला.

आमच्या दंडारीत, म्हणजे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत होणाऱ्या नाचगाण्याच्या नाटकात, भाऊ राजा व्हायचे आणि मी ढोलकीवर. सिंहासनावरून एका उडीत उठून ते अशी गिरकी घेत की लोक टाळ्या वाजवायलाही विसरत. मग चढावर, ओझं उचलताना त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. चांद्याच्या डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक रोज ठरल्या वेळी घ्यायची, कळ येऊच नये म्हणून. तिचा असर बराच वेळ टिकतो. दुसरी बारीक, कळ आलीच तर खाली बसून जिभेखाली धरायची. उठलेली कळ रोजच्या गोळीने थांबत नाही आणि ती आपल्या मनाने बंदही करायची नाही, असं त्यांनी बजावलं. सुरुवातीला त्या गोळीने भाऊंचं डोकं ठणके. त्यांच्या पत्नी पार्बताबाई वैतागून म्हणत, "सोडून द्या ना जी ते गोळी!" पण भाऊ पुन्हा चांद्याला गेले, डॉक्टरांना विचारून आले आणि गोळी चालू ठेवली. असा शहाणपणा आमच्यापैकी कुणात नव्हता.

तरी चूक झालीच. मुकुट चढवला की राजाने द्रोणभर मोहाची दारू घ्यायची, हा मंडळाचा रिवाज. एरवी भाऊ दारूला शिवत नसत, म्हणून डॉक्टरांनी दारू वर्ज्य सांगितली तेव्हा त्यांनी बिनघोर मान डोलावली. रिवाजाची दारू हीसुद्धा दारूच, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. दुपारच्या तालमीत त्यांनी द्रोण रिता केला, उडी मारून उठले आणि अंधारी येऊन मुकुटासकट माझ्या ढोलकीवर कोसळले. डॉक्टर चांगलेच संतापले. या गोळीने शिरा सैलावतात, त्यात दारू पडली आणि माणूस झटक्यात उठला, की रक्तदाब घसरतो. दारू थेंबभर नाही, उठायचं ते बेताने.

मंडळाचे म्हातारे अडून बसले. "द्रोण नाई, उडी नाई, त राजा कायचा?" भाऊंचा जीव त्या सोंगात होता. आता ते गोळ्या फेकून देणार, असंच मला वाटलं.

मंडईच्या दिवशी भाऊंनी द्रोण कपाळाला लावला आणि सगळी दारू मातीवर ओतली. "धरतीले देल्लो," ते म्हाताऱ्यांना म्हणाले, "तिच्याहून मोठा राजा कोन हाय?" मग माझ्याकडे वळले. "मी हळू उठीन. तू वाजवत राहाजो."

त्यांनी आधी मान उचलली. मग हात टेकले, थोडं थांबले, चौफेर नजर फिरवली... आणि उभे राहिले. त्या वर्षी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, पण आमच्याकडे राज्य भाऊंचंच होतं. म्हाताऱ्यांनी पुन्हा उडीचा हट्ट धरला नाही. रोजची गोळी घेत भाऊ शेवटपर्यंत राजा राहिले.

मागच्या आठवड्यात तालीम झाली. नवा राजा मारोती, भाऊंनाच बघत वाढलेला, एकदम धडधाकट गडी. तोही सिंहासनावर हात टेकून, थांबत थांबत उठू लागला. मी ढोलकी थांबवली. "काऊन रे, तुले काय झालं? मार ना उडी!"

मारोतीने उलट मलाच विचारलं,

"राजा कुठी उडी मारते का जी?"