सिलिंडरमधली जाळी

इंजनाच्या सिलिंडरमध्ये बोट घालण्याआधी मिस्त्रीकाका साबणाने हात धुवायचे आणि डोळे मिटायचे. "देवपूजेलासुद्धा इतके हात घासत नाहीत," काकू आतून टोमणा मारायच्या. काकांची तर्जनी आतल्या भिंतीवरून हळूहळू खाली उतरायची, मग म्हणायचे, "जमली जाळी."

संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झालं, संस्थानच्या मोटारखान्यातली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी बडा गणपतीच्या देवळाजवळच्या राहत्या घरी, पुढच्या खोलीतच काम मांडलं. हातड्रिलला लावलेले बारीक दगड घासलेटात भिजवायचे आणि मोटारसायकलीच्या सिलिंडरमध्ये गोल फिरवता फिरवता वरखाली करायचे. आत एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेघा उमटत. तीच जाळी. त्या घरच्या पोह्यांनाही घासलेटचा वास यायचा.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, कचेरीत नवा. जुनी मोटारसायकल घेतली होती. काकांनी घासून दिलेल्या सिलिंडरमध्ये डोकावून मी म्हणालो, "काका, चमक नाही आली."

"आरसा घरी बघायचा, भिया. इथे तेलाला बसायला जगह पाहिजे."

मी मान डोलावली, आणि घरी येऊन तेच सिलिंडर पॉलिश कागदाने दोन तास घासलं. गुळगुळीत म्हणजे वेगवान, एवढीच माझी अक्कल. आत तोंड दिसायला लागलं तेव्हा थांबलो.

बेटमा गावाच्या अलीकडे इंजन जाम झालं. मोटारसायकल बैलगाडीत घालून आणली. चौकात मित्र वाट बघतच होते. "क्यों भिया, बैल कितने हॉर्सपावर के?"

सगळे हसले. मला ते सहन झालं नाही. म्हणालो, "म्हाताऱ्याचा हात गेला आता."

एवढंच बोललो. आठवड्यात ते वाक्य गावभर झालं.

काका स्वतः घरी आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. "सिलिंडर दे रे जरा. बोट फिरवून बघतो, कुठे चुकलो."

सिलिंडर माझ्या खाटेखाली होतं. त्यांचं बोट एकदा आत गेलं असतं, तर सगळं कळलं असतं.

"भंगारात दिलं," मी म्हणालो.

ते आपल्या तर्जनीवर अंगठा घासत राहिले. "मला जमल्यासारखी वाटली होती, भिया. माफ कर."

माफी त्यांनी मागितली. मी घेतली.

पुढे गिऱ्हाईक तुटलं. चुकून कोणी आलंच, तर काकाच परत पाठवायचे. "हात धुवून बसतात," काकू एकदा मला म्हणाल्या, "पण बोट आत घालत नाहीत. भितात." तेव्हाही मी बोललो नाही. दोन वर्षांनी काकांना खांदा दिला, तेव्हाही नाही. आता काकूही गेल्या. माझी पन्नाशी उलटली. ज्यांना सांगायचं होतं ते कोणी उरले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

ते सिलिंडर अजून माझ्याकडे आहे. गंजू नये म्हणून तेल लावून ठेवतो. वरचा भाग पिस्टनने पार ओरबाडला आहे. पण अगदी तळाशी, दोन बोटं रुंदीची एक पट्टी माझ्या पॉलिश कागदातून सुटली होती.

काल साबणाने हात धुतले. डोळे मिटले. तर्जनी खाली, त्या पट्टीपर्यंत नेली.

जमली होती, काका.